वऱ्हाडाची गाडी आतून धुताना

लग्नसराई उतरली, की गावातल्या मोठ्या गाडीचे अंतरंग एकदा पाहावे. बाहेरून ती लखलखत असते. पत्रा धुतलेला, काचा पुसलेल्या, पुढे लिंबू-मिरची ताजी बांधलेली. पण मागचे दार उघडून आत डोके घातले, तर खोबरेल, घाम, विडीचा धूर, कुणाच्या तरी लेकराची ओकारी आणि बाजारच्या दिवशी सीटखाली चिरडलेला टोमॅटो, या सगळ्यांचा मिळून एक वास नाकात शिरतो. गाडीवाला म्हणतो, "साहेब, परवाच तर पाइप लावून आतून धुतली!" आणि दुखणे नेमके तिथेच असते.

शेतकरी बंधुभगिनींनो, शेतीखात्यातला माणूस गाडीच्या गाद्यांवर का लिहितो, असे तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे. पूर्वीची मॅटाडोर काय किंवा १९८७ साली बजाज टेम्पोने आणलेली ट्रॅव्हलर काय, या गाड्या आल्या आणि खेड्याच्या संसाराचाच भाग झाल्या. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, तरी आपल्या तोंडी 'टेम्पो ट्रॅव्हलर'च राहिली. सकाळी तीत शाळेची पोरे बसतात. दुपारी सीटांच्या मधल्या वाटेत भाजीची क्रेट उभी राहतात. संध्याकाळी तालुक्याहून युरियाची गोणी आणि फवारणीचे डबे येतात. एकादशीला तीच गाडी पंढरपूरला निघते. गाडी तुमच्या मालकीची नसेल, पण तीत तुमचीच लेकरे बसतात.

गाडीची बाहेरची बाजू पत्र्याची असते. पत्र्यावर पाणी ओतले, की घाण घेऊन ते खाली येते. आतली बाजू तशी नाही. सीटच्या कापडाखाली फोम असतो, म्हणजे बारीक छिद्रांची गादी. तिच्यावर पाणी ओतले, की मळ पाण्याबरोबर आत जातो आणि तळाशी बसतो. कापड वरून दोन तासांत सुकते, फोम आत चार-चार दिवस ओला राहतो. मग बंद गाडीच्या उबाऱ्यात बुरशी धरते. तुम्ही ओला कडबा गंजीत घातला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. तोच प्रकार इथे होतो. शिवाय ते पाणी खाली झिरपून मॅटखालचा पत्रा गंजवते आणि सीटखालून गेलेल्या तारांमध्ये शिरते. म्हणून आतल्या धुण्याचा कायदा एकच: साबणाचा फेस वापरा, पाणी ओतू नका.

सुरुवात वरून करावी. टपाच्या आतल्या बाजूला जे कापड लावलेले असते, ते बहुतेक गाड्यांत पातळ फोमच्या थरासह गोंदाने चिकटवलेले असते. हा गोंद आणि तो फोम, दोघांनाही उष्णता आणि ओल सोसत नाही. वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा टप किती तापतो, ते हात लावून बघा. त्या उष्णतेने आधीच कमजोर झालेले अस्तर पाण्याच्या फवाऱ्याने सुटते आणि तंबूसारखे खाली लोंबू लागते. एका गाडीत मी असे अस्तर पाहिले, की मागच्या सीटवरच्या आजी ते सारा प्रवास काठीने वर धरून बसल्या होत्या. हसू आले खरे, पण नवे अस्तर बसवायला मालकाला जो खर्च आला, तो हसण्यासारखा नव्हता.

अस्तर आधी कोरडेच झाडावे. मऊ कुंचा घ्या आणि पुढून मागे, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. केरसुणी नको; तिच्या काड्यांनी कापडाला दोरे सुटतात. झाडताना नाकातोंडावर रुमाल बांधा. मग बादलीत लिटरभर कोमट पाणी घेऊन त्यात चहाचा चमचाभर पातळ साबण घाला आणि घरातल्या जुन्या रवीने घुसळा. ताकावर लोणी येते तसा वर फेस येईल. तेवढाच फेस कापडावर घ्या, खालचे पाणी घेऊ नका. हातभर जागेवर तो अलगद फिरवा, दाबू नका, आणि लगेच घट्ट पिळलेल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या. डाग पडलेला तेवढाच भाग पुसला, तर तिथे पांढरा गोल उमटतो आणि बाकीचे अस्तर आणखी मळके दिसते. म्हणून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सबंध पट्टा एका दमात घ्यावा. दिवे आणि स्पीकर यांच्या कडेने हात आवरता ठेवा. त्यांच्या तारा अस्तराच्या मागूनच जातात. विडी-सिगारेटचा पिवळेपणा एका हाताने जात नाही. दोन दिवसांचे अंतर ठेवून पुन्हा करावे. घाई केलीत, तर अस्तर सोडवाल.

घरी रिठे असतील तर साबणाचीही गरज नाही. आठ-दहा रिठे फोडून रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळा आणि तसेच घुसळा. फक्त फिकट कापडावर रिठ्याची तपकिरी छटा राहू शकते, तेव्हा आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहा.

आता सीट. काढता येणारी खोळ असेल तर काढून घरी धुवावी, याहून सोपे काही नाही. बसवलेले कापड असेल तर आधी फटीतला कचरा काढा. शेंगांची टरफले, चुरमुरे, तांदळाच्या अक्षता, कुणाचे तरी कानातले, सगळे तिथेच सापडते. टायरवाल्याकडची हवेची नळी लावली तर फटी उत्तम साफ होतात, पण दारे सताड उघडी हवीत आणि डोळे जपायला हवेत. त्यानंतर वर सांगितलेलाच फेस, मऊ ब्रश आणि पिळलेले कापड. एक सीट पुरी करून मग दुसरीला हात घालावा.

डागांची जात ओळखली तर निम्मे काम होते. चिखल ओला असताना पुसू नका. वाळू द्या, मग झाडा. दूध, रक्त आणि अंडे यांना गरम पाणी लावू नका. उष्णतेने त्यातली प्रथिने गोठून धाग्यात घट्ट बसतात. थंड पाण्याच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपत यावे. तेलाच्या डागावर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा, मग साबण. डोके टेकायच्या जागी खोबरेलाचा थर बसलेला असतो, त्याला हाच उपाय दोन-तीनदा करावा लागतो. ओकारी आधी पुठ्ठ्याने उचलून घ्या, थंड पाण्याने टिपा, आणि जागा थोडी ओलसर असतानाच वर खाण्याचा सोडा भुरभुरा. ओकारीतले आम्ल सोड्याने मरते, म्हणून वासही जातो. सोडा पूर्ण वाळल्यावर झाडून टाका.

हळदीची गंमत वेगळी आहे. वऱ्हाडाच्या गाडीत हळद लागल्याशिवाय राहत नाही, आणि तिला साबण लावला की पिवळा डाग एकाएकी कुंकवासारखा लाल होतो. गाडीवाल्याला वाटते, कापडाचा रंगच उतरला. तसे काही नसते. आपले बहुतेक कपड्यांचे साबण क्षारधर्मी असतात आणि हळदीतला रंग क्षार लागला की लाल होतो. कुंकूही हळदीपासून असेच करतात. साबण टिपून काढला, की डाग पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिकट पडतो. त्या सीटवर दोन-चार दिवस दुपारचे ऊन येईल अशी गाडी लावा.

रेक्झिनच्या सीटला ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने काम भागते. काहीजण पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर मारतात. पहिल्या दिवशी सीट आरशासारखी दिसते, पण रेक्झिनला मऊ ठेवणारा भाग त्या द्रवाबरोबर निघून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तडकते. बंद गाडीत पेट्रोलची वाफ साचली आणि कुणी काडी ओढली तर काय होईल, ते वेगळेच. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडरही गाडीत आणू नका. कापडाचा रंग उडतो, आणि ती व्हिनेगरसारख्या आम्लाशी मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. तो बंद जागेत जीवघेणा आहे.

धुण्याचे काम सकाळी लवकर काढावे आणि दुपारपर्यंत आटोपावे, म्हणजे पुढचे ऊन वाळवायला मिळते. सगळी दारे उघडी, सीटखालच्या मॅट बाहेर, गाडी वाऱ्याच्या तोंडाशी. संध्याकाळी सीटवर कोरडे पांढरे फडके ठेवून त्यावर गुडघा दाबा. फडके दमट झाले तर गाडी बंद करू नका. ही सारी धुलाई मृग लागण्यापूर्वी उरकावी. भर पावसाळ्यात फोम वाळत नाही. त्या दिवसांत बुरशी दिसलीच, तर उघडीप पडेल तेव्हा गाडी बाहेर काढून आधी वाळवा, मग झाडा. ओली असताना झाडली तर ती नुसती पसरते.

खताचे एक सांगतो. फाटक्या गोणीतून सांडलेला युरिया सीटखाली पडून राहिला, तर गाडी कितीही वाळवा, ती ओलीच राहील. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली, की उन्हापावसाच्या आपल्या तापमानाला युरिया हवेतलेच पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात एवढी आर्द्रता नेहमीचीच. तेव्हा दाणे आधी कोरडे झाडून गोळा करा. पाणी ओतून विरघळवलेत, तर तेच पाणी पत्र्याच्या सांध्यात जाऊन गंज धरवील.

इथवरचे सगळे डाग धुता येतात. एक मात्र धुण्याच्या भरवशावर सोडू नये, आणि तो म्हणजे कीटकनाशकाचा. आपण त्याला 'औषध' म्हणतो, हा शब्दच घातकी आहे. ते विष आहे. पोटात गेले तरच ते बाधते, असे अजून पुष्कळांना वाटते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले; त्यांनी काही ते प्यायलेले नव्हते. श्वासातून आणि कातडीतूनही विष अंगात जाते. आता विचार करा. सैल बुचाचा डबा सीटवर आडवा झाला, पाव कप विष फोमने पिऊन घेतले. वरचे कापड पुसले, वास दोन दिवसांत मेला. पण फोममधले विष तिथेच आहे. बसणाऱ्याच्या वजनाने फोम दाबला जातो, उन्हाने तापतो, आणि अर्ध्या चड्डीतली उघड्या मांड्यांची पोरे तासभर त्यावर बसून शाळेत जातात.

अशा वेळी काय करायचे, ते नीट वाचा. माणसे खाली उतरवा, दारे उघडा. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सांडलेल्या जागी पाणी ओतू नका. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून विष शोषून घ्या आणि ते पत्र्याच्या तुकड्याने जाड पिशवीत भरा. पत्र्याची आणि रेक्झिनची जागा साबणाच्या फडक्याने तीन-चारदा पुसा, प्रत्येक वेळी फडके नवे, आणि सगळी फडकी त्याच पिशवीत. फोमपर्यंत विष गेले असेल, तर ती गादी आणि वरचे कापड काढून टाका. इथे काटकसर करू नका. काढलेली गादी कुत्र्याला अंथरू नका, गोठ्यात नेऊ नका, आणि जाळू तर मुळीच नका; फोमचा धूर स्वतःच विषारी असतो. पिशवीचे तोंड बांधून, मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीबद्दल कृषी कार्यालयात विचारा. ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी काहीही धुऊ नका.

अंगावर विष उडाले तर कपडे ताबडतोब काढून कातडी साबणाने भरपूर धुवा. तोंडाला लाळ, घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग फडफडणे, यांतले काही दिसले तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. दवाखाना गाठा आणि डब्याचे लेबल बरोबर न्या. लेबलावरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल. कोणते विष आहे हे कळले, की डॉक्टरांचा उपचार लवकर सुरू होतो.

खाण्याच्या वस्तू आणि जनावरांचे खाद्य यांना लागून कीटकनाशक नेऊ नये, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. माणसाच्या सीटलाही हाच नियम लावा. डबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणा. तशी सोय नसेल तर झाकणाच्या घट्ट पेटीत, तोंडे वर करून, मध्ये भुसा भरून टपावरच्या कॅरिअरला बांधा आणि वर ताडपत्री घाला. दुकानातून घेताना प्रत्येक बूच स्वतः पिळून पाहा. आणि गाडी शाळेच्या फेरीची असेल, तर पोरे घरी पोहोचल्यावर डब्यांसाठी दुसरी फेरी करा. त्या फेरीचे डिझेल गावातल्या चौघांनी मिळून भरावे.