अकरा तालुके, एक साचा

बीडमधल्या एका छोट्या कार्यालयात एक तरुण प्रोग्रामर सीताफळाच्या हंगामाआधीचे काम उरकते आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ते थेट विकण्यासाठी तालुक्यागणिक एक संकेतस्थळ हवे आहे. तालुके अकरा, सर्व्हर एकच. आलेली प्रत्येक विनंती कोणत्या तालुक्याची, फाइली कोणत्या फोल्डरमधून द्यायच्या, प्रमाणपत्र कोणते वापरायचे, हे सर्व्हरला कॉन्फिगरेशन फाइलमधून सांगावे लागते.

सर्व्हर एन्जिन-एक्स आहे. इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रामरने तो २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याच्या फाइलीतले प्रत्येक साधे वाक्य अर्धविरामाने संपते आणि एक अर्धविराम सुटला तरी तो फाइल नाकारतो. अशा अकरा फाइली हाताने लिहिता येतात. बहुतेक जण पहिली लिहितात, तिच्या दहा प्रती काढतात आणि नावे बदलत जातात. सहाव्या-सातव्या प्रतीत कुठेतरी केजचा फोल्डर वडवणीच्या नावाखाली राहून जातो.

ही तरुणी प्रती काढत नाही. तिच्याकडे दोनच गोष्टी आहेत. एक यादी: तालुका, डोमेन, फोल्डर. आणि एक साचा, ज्यात बदलणाऱ्या जागा दुहेरी महिरपी कंसांत आहेत. पायथनमधली जिंजा ही लायब्ररी यादीतली एकेक ओळ साच्यात भरते आणि क्षणात अकरा फाइली तयार होतात. डोमेन देवनागरीत असेल, तर त्याचे रोमन अक्षरांतले सांकेतिक रूपही हाच प्रोग्राम करून घेतो. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारी नावे घेता येतात, पण सर्व्हरच्या फाइलीत ती सांकेतिक रूपातच लिहावी लागतात.

टंकलेखन वाचते, हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की अकरा स्थळे एकमेकांपासून नेमकी कशात वेगळी आहेत ते एका यादीत दिसते. धोकाही तेवढाच मोठा आहे, कारण साच्यातली चूक अकराही ठिकाणी एकदम पोहोचते.

समजा, यादीत धारूरचा फोल्डर लिहायचा राहिला. जिंजा सहसा तक्रार करत नाही. माहिती नसलेली जागा ती रिकामी सोडते. मग धारूरच्या फाइलीत पूर्ण पत्त्याऐवजी सगळ्या तालुक्यांचे फोल्डर ज्यात आहेत तो वरचा फोल्डर उरतो. व्याकरण शुद्ध, अर्धविराम जागेवर. एन्जिन-एक्सची तपासणीही हिरवा कंदील देते, कारण ती मुख्यतः व्याकरण पाहते. धारूरच्या पत्त्यावरून इतर दहा तालुक्यांच्या फाइली मागता येतील, हे तिच्या लेखी चूक नाहीच. म्हणून ही तरुणी जिंजाला कडक पद्धतीने चालवते: एक जागा रिकामी राहिली, तरी प्रोग्राम तिथेच थांबतो. असे साचे लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ही सवय लावून घ्यायला हवी.

दुसरी खोच क्रमाची. ओळखीच्या नसलेल्या नावाने विनंती आली आणि तिच्यासाठी वेगळी सोय नसेल, तर एन्जिन-एक्स त्याने सर्वांत आधी वाचलेल्या स्थळाचे पान दाखवतो. फाइली इंग्रजी वर्णक्रमाने वाचल्या जातात, म्हणजे अंबाजोगाई पहिली. परक्या नावाने आलेला माणूस अंबाजोगाईच्या पानावर उतरतो आणि ते का झाले हे शोधायला तासन् तास जातात. यावर साच्याबाहेर एक बारावी फाइल असते. अनोळखी विनंती आली, की काहीही उत्तर न देता जोडणी तोडायची, एवढेच तिचे काम.

फाइली तयार झाल्या, की तरुणी जुन्या आणि नव्या फाइलींतला फरक ओळीओळीने वाचते. गेवराईचे डोमेन बदलले असेल, तर फरक फक्त गेवराईत दिसला पाहिजे. शिरूर कासारमध्येही दिसला, तर ती थांबते. मग तपासणी, आणि शेवटी रीलोड. एन्जिन-एक्सची ही गोष्ट खरोखर सुंदर आहे: नवी फाइल चुकीची निघाली तर तो जुन्याच आज्ञेवर चालत राहतो, बरोबर असेल तर नवे वर्कर कामाला लावतो आणि जुन्यांना हातातले काम संपवू देतो. पान पाहणाऱ्या ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर प्रोग्राम एक सूचना लिहितो: ही फाइल यंत्राने बनवली आहे, बदल यादीत करा. तरी रात्री काही अडले, की कुणीतरी थेट सर्व्हरवर फाइल दुरुस्त करतोच, आणि पुढच्या वेळी ती दुरुस्ती पुसली जाते. म्हणून रोज सकाळी एक छोटा प्रोग्राम सर्व्हरवरच्या फाइली साच्यातून निघालेल्या फाइलींशी ताडतो. कुठे फरक सापडला, तर रात्रीची ती दुरुस्ती आधी यादीत किंवा साच्यात जाते, मगच नव्या फाइली निघतात.