तीन सुरांची शीळ

रहस्यनाट्य हा डोळ्यांचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत दिसते. दाराआडची सावली, टेबलावर पडलेला सुरा, दिवे जाताच उडालेली धांदल, हे सारे पाहावयाचे असते असे आपण धरून चालतो. परंतु जगात सर्वांत दीर्घकाळ चाललेले रहस्यनाट्य ज्या गोष्टीवर उभे आहे, ती कानाने ऐकावयाची आहे. एका इंग्रजी बालगीताची ती चाल आहे, आणि तिचा आरंभ अवघ्या तीन उतरत्या स्वरांनी होतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माऊसट्रॅप' या नाटकाविषयी मी लिहीत आहे, हे रसिक वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. या नाटकाच्या विक्रमांचे आकडे वेळोवेळी छापून येतात. मी पेशाने संगीतशिक्षक असल्यामुळे माझे लक्ष आकड्यांपेक्षा त्या चालीकडे अधिक गेले. त्यासंबंधी चार शब्द.

आधी कानासाठी, मग डोळ्यांसाठी

हे नाटक जन्मले तेच मुळी नभोवाणीवर. १९४७ साली इंग्लंडच्या राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बी. बी. सी.ने अगाथाबाईंकडून अर्ध्या तासाची एक श्रुतिका लिहवून घेतली. तिचे नाव 'थ्री ब्लाइंड माइस', म्हणजे 'तीन आंधळे उंदीर'. त्या वर्षीच्या ३० मे रोजी ती ध्वनिक्षेपित झाली. पुढे बाईंनी तिची कथा केली, आणि मग कथेचे दोन अंकी नाटक. मूळ नावाचे एक नाटक आधीच होऊन गेलेले असल्यामुळे नवे नाव शोधावे लागले. ते बाईंच्या जावयाने सुचविले. शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाचे पाप उघडे पाडण्यासाठी राजपुत्र जे नाटकातले नाटक करवितो, त्याला तो हेच नाव देतो. आगरकरांच्या 'विकारविलसिता'मुळे आणि गणपतराव जोशींच्या कीर्तीमुळे तो प्रसंग मराठी नाट्यवेड्यांना परका नाही.

पहिला प्रयोग ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅम येथे झाला. त्यानंतर गावोगावचा दौरा करून २५ नोव्हेंबर १९५२ रोजी नाटक लंडनच्या ॲम्बॅसॅडर्स नाट्यगृहात उतरले. निर्माते पीटर सॉन्डर्स, दिग्दर्शक पीटर कोट्स. पोलिस अधिकारी ट्रॉटरच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो आणि तरुण गृहिणीच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी शीला सिम. हे नाटक फार तर आठ महिने चालेल, असा बाईंचा स्वतःचा अंदाज होता. नाटकाचे हक्क त्यांनी मॅथ्यू या आपल्या नातवाला नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले. आजीच्या त्या भेटीची किंमत पुढे काय झाली, हे सांगावयास नको.

ॲम्बॅसॅडर्स हे नाट्यगृह लहान, सुमारे साडेचारशे आसनांचे. १९७४ च्या मार्चमध्ये नाटक त्याच रस्त्यावरील शेजारच्या सेंट मार्टिन्स नाट्यगृहात गेले. शनिवारी जुन्या जागेत शेवटचा प्रयोग आणि सोमवारी नव्या जागेत पुढचा, असा एकही प्रयोग न चुकविता हा संसार हलला. नवे नाट्यगृहही साडेपाचशेच आसनांचे. एवढी मागणी असताना हजार-दीड हजार आसनांचे घर का घेतले नाही, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे एक उत्तर मला त्या चालीतच सापडते.

ग रे सा

चाल फार जुनी आहे. 'थ्री ब्लाइंड माइस' हे गीत १६०९ साली टॉमस रेव्हन्सक्रॉफ्ट याने छापलेल्या एका संग्रहात आढळते; तेव्हाचे शब्द व चाल आजच्यापेक्षा काहीशी निराळी होती. आजची चाल आपल्या सरगमीत मांडली, तर आरंभ होतो 'ग रे सा' असा. तेच पुन्हा एकदा 'ग रे सा'. मग दोन पायऱ्या वर जाऊन तशीच उतरंड, 'प म म ग', आणि तीही दोनदा. सारे बिलावल थाटाचे शुद्ध स्वर. यात भयानक रसाचे नाव नाही. कोमल ऋषभाची कळ नाही की तीव्र मध्यमाचा ताण नाही. पेटी शिकावयास आलेले आठ वर्षांचे पोर पहिल्या आठवड्यात ही चाल वाजवू शकेल.

हे गीत चक्राकार गातात. पहिल्या गायकाने एक ओळ पुरी केली की दुसरा आरंभापासून सुरुवात करतो, त्याच्यामागून तिसरा. एकच चाल स्वतःचा पाठलाग करीत राहते. कोणी पुढे, कोणी मागे, आणि सुटका कोणाचीच नाही. गीत आहे पोरांचे. परंतु त्याची घडणच पाठलागाची आहे.

आता नाटकाचा आरंभ पाहा. प्रेक्षागृहातील दिवे मालवतात. मिट्ट अंधारात ही चाल ऐकू येते. पडदा वर जातो तोही अंधारावरच. मग संगीत थांबते आणि तीच चाल शिळेवर येते, तीक्ष्ण आणि एकाकी. पाठोपाठ एका स्त्रीची किंकाळी, आवाजांचा कल्लोळ, पोलिसांच्या शिट्ट्या. एकही पात्र नजरेस पडण्यापूर्वी नाटकातील पहिला खून होऊन गेलेला असतो, आणि तो प्रेक्षकांनी केवळ ऐकलेला असतो.

शीळच का? माणूस बोलला की तो कळतो. गायला तर अधिकच कळतो. आमच्या धंद्यात पडद्याआडून एक आलाप ऐकून गायकाचे घराणे ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. गळ्याला वय असते, प्रांत असतो, शिक्षण असते. शिळेला यांपैकी काही नाही. पुरुषाची की स्त्रीची, म्हाताऱ्याची की पोराची, हे तिच्यावरून सांगता येत नाही. पुढे शेजारच्या खोलीतून पियानोवर तीच चाल ऐकू येते, तीही एका बोटाने वाजविलेली. दहा बोटांनी वाजविणारा आपल्या हातावरून ओळखू येईल. एका बोटाने वाजविणारा कोणीही असू शकतो.

डोळ्यांचीही बाईंनी हीच गत केली आहे. बर्फाने वेढलेल्या मंक्सवेल मॅनर या घरात एका तरुण जोडप्याने नुकतीच पाहुण्यांची सोय सुरू केलेली आहे. रेडिओवरून संशयिताचे वर्णन सांगितले जाते: गडद ओव्हरकोट, फिकट मफलर, मऊ फेल्ट हॅट. आणि घरात शिरणारे माणूस बहुधा याच वेषात शिरते. पात्रे आठ, घर एक, वाट बंद, पुढे टेलिफोनही बंद. शीळ कोणाचीही असू शकते आणि कोट कोणाचाही. असे रहस्य रचणाऱ्या बाईंचा कान तयार असला पाहिजे, असे मला वाटले. आणि तसे ते होतेही. तरुणपणी पॅरिसमध्ये त्यांनी पियानोचे व गायनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. परंतु चार माणसांसमोर बसले की हात कापत, आणि ऑपेराला लागणारा गळ्याचा जोर नव्हता, म्हणून तो नाद त्यांना सोडावा लागला. एक वादिका हरवली खरी. पण तिचे कान लेखिकेच्या उपयोगी पडले.

लहान घराचे महत्त्व

माझे वडील ऐन विशीत बडोद्याच्या कलावंत कारखान्यात सारंगीवर रुजू झाले होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. दरबार केव्हाच उठला होता, परंतु त्या चाकरीतील गोष्टी ते आम्हांला सांगत. ते म्हणत, "मोठ्या शामियान्यात गळा लागतो, लहान दिवाणखान्यात कान लागतो." शामियान्यातल्या श्रोत्याला सूर पोहोचवावा लागतो, दिवाणखान्यातला श्रोता स्वतः पुढे सरकून सूर घेतो.

२०२३ साली एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून लंडनला जाणे झाले, तेव्हा सेंट मार्टिन्समध्ये मला या बोलण्याची आठवण झाली. आत सारे लाकडाचे काम. लाकूड जुन्या वाड्याच्या तक्तपोशीप्रमाणे आवाज जिव्हाळ्याने परत देते. बाहेर एका लाकडी फळ्यावर त्या दिवशीच्या प्रयोगाचा क्रमांक लावलेला. मंचावर शेकोटीवरच्या फळीवर जे घड्याळ आहे, ते पहिल्या प्रयोगापासूनचे. वाऱ्याचा घोंगावही त्याच काळापासून वापरात असलेल्या, हाताने फिरवावयाच्या यंत्रातून निघतो. आणि रेडिओवर बातम्या देणारा आवाज डेरिक गायलर या नटाचा, मूळ ध्वनिमुद्रणातला. हा नट १९९९ साली निवर्तला. नटनट्यांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या. परंतु बातम्या अजून तोच देतो आहे.

पहिल्या अंकाच्या शेवटी दिवे जातात आणि ती शीळ पुन्हा येते. त्या क्षणी माझ्या आसपासची माणसे किंचित पुढे झुकली. कोणी खोकले नाही. शीळ कोणत्या बाजूने येते आहे, हे प्रत्येकजण कानाने चाचपत होता. दीड हजारांच्या प्रेक्षागृहात भोंगे लावून हेच ऐकविले असते, तर शीळ सगळीकडून आली असती. आणि जी सगळीकडून येते तिची दिशा शोधण्याची कोणाला इच्छा होत नाही. रात्री शीळ घातली की साप येतो, असे आपल्या घरांतून मुलांना दटावतात. त्या लहानशा अंधारात मला ते बजावणे आठवले, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

गाण्यामागचे पोर

परंतु एवढ्यावर हे नाटक थांबते असते, तर मी त्याविषयी लिहिण्याचे श्रम घेतले नसते. बालगीतामागे एक खरे बालक आहे.

१९४५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या श्रॉपशर भागातील एका शेतघरात डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. सरकारी देखरेखीखालील हा मुलगा आपल्या धाकट्या भावासह त्या शेतकरी जोडप्याकडे सांभाळावयास दिलेला होता. उपासमार आणि मारहाण यांनी त्याचा बळी घेतला. शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची, तर त्याच्या पत्नीला सहा महिन्यांची शिक्षा झाली. देशभर संताप उसळला, चौकशी झाली, आणि मुलांच्या देखभालीसंबंधीचा १९४८ चा कायदा होण्यास या प्रकरणाने मोठी चालना दिली. धाकटा भाऊ टेरेन्स वाचला. पुढे २०१० साली त्याने आपल्या त्या दिवसांवर पुस्तक लिहिले.

नाटकातील खुनांमागे अशाच एका शेतघराची कहाणी आहे: तीन भावंडे, आणि त्यांतील एकाचा मृत्यू. तीन उंदीर कोण, याचा अर्थ हे कळल्यावर बदलतो. घरात अडकलेल्या एकेका प्रौढ माणसाला नाटक जणू विचारते, 'ते पोर हाक मारीत होते, तेव्हा तुम्ही कोठे होता?' मनोरंजनासाठी आलेला प्रेक्षक आपल्या खुर्चीत थोडा सावरून बसतो, तो यामुळे. आणि मग शिळेवर ती चाल का, हे कळते. मोठ्यांच्या जगात मुलाजवळ स्वतःचे असे एक गाणेच तेवढे असते. ते त्याच्याकडून हिरावले गेले की उरते ती नुसती शीळ. मी रोज संध्याकाळी पंचवीस-तीस मुलांकडून सरगम म्हणवून घेतो. त्या दिवसानंतर 'ग रे सा' म्हणताना एखादे मूल खाली मान घालून गप्प बसले, तर मी त्याला सुरात आणण्यापूर्वी जवळ बसवून घेतो.

या नाटकाचा एक धागा आपल्या देशापर्यंतही आलेला आहे. ॲटनबरो यांनी आरंभी पगाराचा काही भाग घालून नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता. 'गांधी' चित्रपट काढताना पैशाची ओढाताण झाली, तेव्हा उरलेला वाटा विकून त्यांनी तो तडीस नेला. १९८२ च्या त्या चित्रपटात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. उंदरांच्या सापळ्याने एवढे पुण्यकार्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

हौशी मंडळींना विनंती

१९५२ पासून अखंड चाललेले हे नाटक १६ मार्च २०२० रोजी महामारीमुळे बंद पडले आणि १७ मे २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. त्याआधीच, २०१२ मध्ये, त्याने पंचवीस हजार प्रयोग ओलांडले होते. प्रयोग संपला की खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती मंचावरून केली जाते. मीही ते येथे सांगितलेले नाही. आमच्या जुन्या उस्तादांनी चिजा दडविल्या, शिष्यांपासूनही दडविल्या, आणि पुष्कळ चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या. येथे रहस्य रोज शेकडो परक्या माणसांच्या हाती विश्वासाने सोपविले जाते, आणि ती माणसे ते बहुतेक सांभाळतात.

आपल्या गावातील हौशी मंडळे अधूनमधून रहस्यनाट्य बसवितात. पार्श्वसंगीतासाठी मला बोलावणे येते, आणि पहिली मागणी असते ती दणदणीत ध्वनिफितीची. त्यांना माझे सांगणे एवढेच, की सभागृह लहान असेल तर ते आपले भाग्य समजा. भोंगे काढून ठेवा. चांगली शीळ घालणारा एक माणूस विंगेत उभा करा, आणि त्याला प्रेक्षकांच्या ओळखीची एखादी साधी चाल द्या. ती चाल नाटकात कोणाच्या लहानपणाची आहे, हे मात्र दिग्दर्शकाने आधी स्वतःशी ठरवावे. ते ठरले, की किती जोराने वाजवायचे हा प्रश्न उरत नाही.