पृथ्वीपेक्षा मोठी दुर्बीण

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, सगळ्यांचा मिळून पसारा सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांचे संकेत संगणकात जुळवले की ती एकच प्रचंड दुर्बीण होते. तबकड्यांतले अंतर जितके जास्त, तितका बारीक तपशील दिसतो. एक तबकडी खोडदला आणि दुसरी सोलापुरात असती, तर तपशील कितीतरी पटींनी बारीक मिळाला असता.

पण जमिनीवर हे अंतर पृथ्वीच्या व्यासापाशी, म्हणजे सुमारे १२,७०० किलोमीटरवर थांबते. म्हणून तबकडीच अवकाशात न्यायची! जपानने १९९७ मध्ये ८ मीटर व्यासाच्या तबकडीचा 'हाल्का' उपग्रह सोडला. २०११ मध्ये सोडलेल्या रशियाच्या 'रेडिओअॅस्ट्रॉन' उपग्रहाने त्याच्या कितीतरी पुढे मजल मारली. त्याची १० मीटरची तबकडी कार्बन तंतूंच्या २७ पाकळ्यांची होती. प्रक्षेपणावेळी मिटलेली, कक्षेत गेल्यावर उमललेली. सोबत हायड्रोजन मेसरचे अत्यंत अचूक घड्याळ होते, कारण जमिनीवरच्या आणि अवकाशातल्या नोंदींची वेळ काटेकोर जुळली नाही तर सारी मेहनत पाण्यात. पृथ्वीपासून साडेतीन लाख किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या या उपग्रहाने एनजीसी ४२५८ दीर्घिकेतील पाण्याच्या वाफेचे रेडिओ संकेत टिपले. तेव्हाची सूक्ष्मता चंद्रावर ठेवलेले रुपयाचे नाणे ओळखण्याइतकी होती. २०१९ मध्ये मोहीम संपली.

सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र समजून घ्यायला खोडद गाठावे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते.