घोरणाऱ्याची रात्र मोजणारं यंत्र

‘बघा, पडल्या पडल्या घोरायला लागला, किती गाढ झोप!’ असं आपल्याकडं कौतुकानं म्हटलं जातं. राबणाऱ्या माणसानं घोरावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कागलमध्ये राबणाऱ्यांना तोटा नाही. गावाला लागून पुणे-बंगळूर महामार्ग, जवळच पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि गळीत हंगामात रात्रंदिवस धडधडणारा शाहू साखर कारखाना. रात्रपाळी करून आलेला कामगार किंवा रात्रभर गाडी हाकलेला ट्रकचालक दिवसा पेंगला, तर ‘जागरण झालं असंल’ म्हणून विषय संपतो. पण पुरेसं झोपूनही पेंग जात नसेल, तर कारण पाळीत नसून श्वासात असू शकतं. ते शोधून काढणारी तपासणी म्हणजे ‘स्लीप स्टडी’.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद होते आणि तिथून जाणारी हवा मऊ टाळूला थरथरवते, तेच घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही थांबतो. शेजारी झोपणारी बायको डॉक्टरांना नेमकं हेच सांगते : ‘मधीच गप्प हुत्यात, मग हुंदका दिल्यागत दचकून श्वास घेत्यात.’ ही साक्ष मोलाची, कारण ज्याचा श्वास थांबतो त्याला सकाळी यातलं काहीच आठवत नसतं. आठवतं ते एवढंच की डोकं जड आहे, तोंडाला कोरड पडली आहे आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं.

डॉक्टर आधी प्रश्नावली देतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘एपवर्थ’ मापनात आठ प्रसंग आहेत : टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर, तासाभराच्या प्रवासात, कुणाशी बोलत बसलेलं असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २४. बेरीज दहाच्या वर गेली की पेंग प्रमाणाबाहेर समजतात. दुसरी ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली घोरणं, थकवा, रक्तदाब, वजन, वय आणि गळ्याचा घेर विचारते. पण या प्रश्नावल्या म्हणजे नुसती चाळणी. निदान तपासणीनंतरच होतं.

सगळ्यात सविस्तर तपासणीचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. ती झोपेच्या प्रयोगशाळेत, एका रात्रीच्या मुक्कामात होते. संध्याकाळी तंत्रज्ञ टेप घेऊन डोकं मोजतो, खुणा करतो, तिथली त्वचा घासून स्वच्छ करतो आणि लेप लावून इलेक्ट्रोड चिकटवतो. म्हणूनच ‘डोक्याला तेल लावून येऊ नका’ असं बजावलेलं असतं. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचा ताण, हृदयाचे ठोके, पायांचे झटके, नाकातला हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, रक्तातला ऑक्सिजन, कुशीची दिशा आणि घोरण्याचा आवाज, सगळं एकाच वेळी नोंदलं जातं. ‘एवढ्या वायरी लावल्यावर झोप कुठली?’ असं प्रत्येकालाच वाटतं. झोप नेहमीसारखी लागत नाही हे खरं, पण बहुतेकांची निदानापुरती होते.

या यंत्रातला प्रत्येक धागा वेगळ्या काळात, वेगळ्या देशात जन्मला. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर फिरण्याची अवस्था दाखवून दिली. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजण्याच्या पद्धतीचं मूळ जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ मधल्या कामात आहे. कोरोनात घरोघरी पोहोचलेला तो चिमटा हाच.

आता पडद्यावरचं एक मिनिट जवळून पाहू. हवेच्या प्रवाहाची रेघ वरखाली होत चाललेली असते. एकाएकी ती सपाट होते. पण छाती आणि पोटावरच्या पट्ट्यांच्या रेघा थांबत नाहीत. उलट छाती आत, पोट बाहेर अशी त्यांची ओढाताण सुरू होते. शरीर श्वास ओढतं आहे, पण वाट बंद आहे. काही सेकंदांनी ऑक्सिजनचा आकडा घसरू लागतो. मग मेंदूच्या लहरी क्षणभर जागेपणाच्या होतात, हनुवटीचा स्नायू ताणला जातो, मोठा घुरका येतो आणि हवा पुन्हा वाहू लागते. हा अडथळ्यामुळं थांबलेला श्वास. छाती-पोटाच्या रेघाही सपाट झाल्या, तर मात्र मेंदूकडून हुकूमच सुटलेला नसतो. दोन्हींत श्वास थांबतो, पण उपचार वेगळे. हा फरक मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या घोरण्यातून कळणार नाही.

प्रवाह दहा सेकंद किंवा जास्त वेळ जवळजवळ बंद पडला, तर तो ॲप्निया. बराच घटला आणि सोबत ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर हायपोप्निया. दोन्हींची बेरीज झोपेच्या तासांनी भागली की ‘एएचआय’ हा आकडा मिळतो. मोठ्या माणसांत पाचच्या आत सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. तीस म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा. लहान मुलांना हे माप लागू नाही. त्यांच्यात तासाला एखादा अडथळाही दुर्लक्षून चालत नाही.

प्रयोगशाळा गाठणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून घरी करायची तपासणी आली : नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. नखाला गडद रंग असेल तर तेवढा पुसायचा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी याच मार्गानं मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड आणि ७.५ टक्क्यांत त्याबरोबर दिवसाची पेंगही आढळली.

घरच्या तपासणीची मेख मात्र समजून घ्यावी. तिच्यात बहुधा मेंदूच्या लहरी नसतात. म्हणजे माणूस झोपला किती, हे यंत्राला माहीत नसतं. समजा, आठ तासांच्या नोंदीत ८० अडथळे सापडले, तर आकडा आला दहा, म्हणजे सौम्य. पण तो माणूस पाचच तास झोपला असेल, तर खरा आकडा सोळा, म्हणजे मध्यम. म्हणून लक्षणं ठळक असताना घरची तपासणी ‘काही नाही’ म्हणाली, तरी प्रयोगशाळेतली करून घ्यावी. हृदय कमकुवत असलेल्यांनी, पक्षाघात होऊन गेलेल्यांनी आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी तर थेट प्रयोगशाळेतच जावं.

निदान झालं की उपचार आहेत. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं ‘सीपॅप’ यंत्र मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देतं आणि मिटणारी वाट उघडी ठेवतं. कुणाला वजन उतरवून, कुणाला कुशीवर झोपून, कुणाला दातांवर बसवायच्या साच्यानं फरक पडतो. दुर्लक्ष केलं तर रक्तदाब औषधांना दाद देईनासा होऊ शकतो आणि महामार्गावर स्टिअरिंगमागं डुलकी लागायचा धोका वाढतो.

नुसतं घोरणाऱ्या प्रत्येकानं तपासणीला धावायची गरज नाही. पण घोरण्यात खंड पडत असेल, दिवसा पेंग येत असेल किंवा तीन-तीन गोळ्यांनीही रक्तदाब उतरत नसेल, तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावं. जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावं. अहवाल हाती आला की तीन गोष्टी विचाराव्यात : झोप किती तास नोंदली गेली, ऑक्सिजन किती खाली गेला आणि उताणं झोपल्यावर आकडा किती वाढला? आणि पेंग येत असेल, तर उपचार लागू पडेपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.