ट्रॅक्टर खेळातला, जोखीम मात्र घरातली

घरातली मुले संगणकावर ट्रॅक्टर चालवताना तुम्ही कदाचित पाहिली असतील. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हे त्या खेळाचे नाव. स्वित्झर्लंडमधल्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीने तो २००८ साली प्रथम आणला. रान नांगरायचे, पेरायचे, कापणी करून माल विकायचा, कर्ज फेडायचे आणि उरल्या पैशात नवे अवजार घ्यायचे, असा त्यातला कारभार. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’ मध्ये पाणी भरलेल्या खाचरातला भात आला, आणि म्हशीसुद्धा आल्या.

या खेळाबरोबर एक शब्द मुलांच्या तोंडी येतो, तो म्हणजे ‘मॉड’. हा शब्द घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतला पाहिजे. मॉड नीट बसवला तर मुलाला संगणकाची चांगली ओळख होते. पण भलत्या ठिकाणाहून आणला, तर ज्या फोनवर तुमचे बँकेचे खाते आहे त्यालाच धोका पोचू शकतो.

मॉड म्हणजे काय?

आपण ट्रॅक्टर कंपनीचा घेतो, पण फण मात्र आपल्या सरीच्या अंतराप्रमाणे गावच्या वर्कशॉपमध्ये करून घेतो. मॉडचेही तसेच. मूळ खेळ कंपनीचा, आणि त्यात नवा ट्रॅक्टर, नवे अवजार, नवे गाव किंवा नवा नियम घालणारी फाईल दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली. बहुतेक वेळा हौशी माणसांनी, आणि फुकट.

ही हौस किती पुढे जाते ते बघा. खेळाच्या १७ आणि १९ या आवृत्त्यांसाठी ‘रिअलिझमस मॉडिंग’ या हौशी गटाने ‘सीझन्स’ नावाचा मॉड केला. त्याने खेळात ऋतू आणले. कोणते पीक कधी पेरायचे याला बंधन आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये २२ क्रमांकाची आवृत्ती आली, तेव्हा ऋतुचक्र कंपनीच्या मूळ खेळातच होते.

मॉड आणायचा कुठून?

कंपनीचे स्वतःचे ‘मॉडहब’ नावाचे भांडार आहे. तिथले मॉड कंपनी तपासून मगच ठेवते, आणि ते फुकट मिळतात. खेळ सुरू केल्यावर त्याच्या मुख्य पडद्यावरूनच ते उतरवून घेता येतात. नवशिक्याने हाच मार्ग धरावा. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यंत्रावर तर मॉडहबशिवाय दुसरा रस्ताच नाही.

संगणकावर मात्र बाहेरून आणलेला मॉडही चालतो. त्याची पद्धत अशी :

पहिले काम, आवृत्ती पाहणे. २२ साठी केलेला मॉड २५ मध्ये चालेल असे धरून चालू नका. एका कंपनीच्या पंपाचा इम्पेलर दुसऱ्या पंपात बसत नाही, तसेच हे.

दुसरे, फाईल ‘झिप’ प्रकारची असते. ती फोडायची नाही, जशी आहे तशीच ठेवायची. अपवाद एवढाच की काही जण एका मोठ्या झिपमध्ये दोन-तीन मॉड आणि माहितीची चिठ्ठी एकत्र बांधून देतात. अशा वेळी बाहेरचे गाठोडे सोडायचे आणि आतल्या झिप घ्यायच्या.

तिसरे, ही झिप योग्य जागी ठेवायची. संगणकाच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये ‘माय गेम्स’, त्यात खेळाच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘मॉड्स’. काही संगणकांवर डॉक्युमेंट्स हा फोल्डर वनड्राईव्हमध्ये गेलेला असतो. मग मुले एका जागी मॉड ठेवतात आणि खेळ दुसऱ्याच जागी शोधतो.

चौथे, नावात खाडाखोड नको. एकच फाईल दोनदा उतरवली की संगणक नावापुढे कंसात १ लावतो. असे नाव खेळाला चालत नाही. नावात मोकळी जागा किंवा सुरुवातीला आकडा असला तरी तो मॉड घेत नाही. मूळ नाव होते तसे ठेवा.

शेवटी, खेळ उघडताना मॉडच्या यादीत त्यावर खूण करा. यादी पुढे आली की दिसेल ते निवडू नका, लागेल तेवढेच घ्या. मित्रांबरोबर जोडून खेळायचे असेल, तर सगळ्यांकडे तेच मॉड आणि त्याच आवृत्तीचे हवेत.

आधी जतन, मग बदल

महिनोन्‌महिने खेळून उभी केलेली शेती ‘सेव्हगेम’ नावाच्या फोल्डरमध्ये साठवलेली असते. नवा मॉड घालण्याआधी या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे, शक्यतो पेनड्राईव्हवर, काढून ठेवावी. सातबाऱ्याची झेरॉक्स आपण जवळ ठेवतोच ना, तसेच समजा. मॉड काढून टाकायचा असेल तर त्यातले अवजार आधी खेळात विकून टाकावे. नाहीतर पुढच्या वेळी ते शेतात दिसणारच नाही आणि पोरगे म्हणेल, ट्रॅक्टर चोरीला गेला!

अडले तर मदत कुणाकडे?

फण वाकला तर आपण ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये भांडायला जात नाही, ज्याने फण केला त्याच्याकडे जातो. इथेही तोच न्याय. म्हणून आधी दोष कुणाचा हे ठरवावे. ‘मॉड्स’ फोल्डरमधल्या सगळ्या फाईली तात्पुरत्या दुसरीकडे हलवा आणि नवी शेती सुरू करून बघा. खेळ तरीही बंद पडत असेल, तर कंपनीच्या मदत विभागाला कळवा. नीट चालला, तर दोष मॉडमध्ये आहे.

पण मॉड पन्नास असतील तर? ठिबकची नळी कुठे तुंबली हे आपण एकेक व्हॉल्व्ह बंद करून शोधतो. तसेच निम्मे मॉड परत घाला. बिघाड दिसला तर तो या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा निम्मे करा. पन्नासातला एक दोषी मॉड सहा फेऱ्यांत सापडतो. ही तपासणी जुन्या शेतीवर करू नका, नव्या कोऱ्या शेतीवरच करा.

खेळाच्या फोल्डरमध्ये ‘लॉग’ नावाची एक मजकुराची फाईल असते. खेळ सुरू होताना कोणते मॉड घेतले, कुठे चूक आली, हे सगळे तो तिथे लिहितो. दर वेळी ती नव्याने लिहिली जाते, म्हणून बिघाड होताच तिची प्रत काढून ठेवा.

मदत मागताना नुसते ‘चालत नाही’ म्हणू नका. ‘पीक पिवळे पडले’ एवढेच सांगून कृषी सहायक तरी काय औषध देणार? खेळाची आवृत्ती, मॉडचे नाव व आवृत्ती, काय केल्यावर बिघाड होतो आणि ती लॉग फाईल, एवढे द्या. मॉड करणारा बहुधा नोकरी-धंदा सांभाळून हे फुकट करीत असतो. त्याच्याशी बोलताना सौजन्य ठेवावे आणि थोडी वाट पाहावी.

मोबाईलवरचे ‘मॉड’ वेगळे

आता सर्वांत महत्त्वाचे. या खेळाच्या मोबाईल आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आलेल्या ‘फार्मिंग सिम्युलेटर २३’ मध्ये, मॉड घालायची सोयच नाही. तरीही ‘मॉड एपीके’ नावाने, पैसे न संपणारा खेळ म्हणून, फाईली फिरत असतात. हे वर सांगितलेले मॉड नव्हेत. कंपनीचे ॲप फोडून, आत हवे ते घालून पुन्हा बांधलेले ते ॲप असते. आत काय घातले आहे हे आपल्याला दिसत नाही. आणि फोन कुणाचा? बहुतेक घरी बापाचाच. बँकेचे मेसेज, ओटीपी, पैसे पाठवायचे ॲप, सगळे त्यातच. असे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागू लागले, तर पुढचे तुम्हीच समजा.

संगणकावरही डोळे उघडे ठेवा. मॉडच्या नावाखाली ‘ईएक्सई’ फाईल आली तर ती चालवू नका. कोणी ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला तर तिथेच थांबा. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळाच्या बाबतीत, नावाजलेल्या भांडारातल्या काही खात्यांवरून मॉडमध्ये घातक प्रोग्रॅम पसरवला गेला. तो ब्राऊझरमध्ये साठवलेली लॉगिनची माहिती चोरत होता. नावाजलेल्या ठिकाणी असे होऊ शकते, तर अनोळखी ठिकाणाचे काय सांगावे!

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचारी मंडळींना वेगळे सांगायला हवे. ग्रामपंचायतीच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर खेळ नको आणि मॉड तर नकोच. त्यावर गावाचे दाखले आणि नोंदी असतात. शाळेत मुलांना हे शिकवायचेच असेल तर वेगळा संगणक ठेवावा.

पालकांनी मात्र सरसकट बंदी घालू नये. फाईल कुठे ठेवावी, प्रत कशी काढावी, बिघाड कसा शोधावा, हे मुलगा किंवा मुलगी यातून आपोआप शिकते. एकदा शेजारी बसून मॉड कुठून आणतात ते विचारा. त्यांना तेवढेच बरे वाटेल. आणि चुकून खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.