सळईचा अदृश्य अंगरखा

बांधकामावर स्लॅब टाकताना कधी पाहिलंय? लोखंडी सळयांची जाळी विणतात, तिच्यावर ओलंगच्च काँक्रीट ओततात आणि वर आठ-दहा दिवस पाणी मारत राहतात. लोखंडाला इतकं पाणी! ही तर गंजाला आवतणं झाली. पण चांगल्या बांधणीचा पन्नास वर्षांचा स्लॅब फोडून बघा, आतली सळई बहुतेक वेळा ठणठणीत निघते.

याचं गुपित आजीच्या पानाच्या डब्यात आहे: चुना! घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, कारण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. चमचाभर चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची नितळ निवळी काचेच्या बरणीत ओता. दुसऱ्या बरणीत साधं पाणी. जस्ताचा मुलामा नसलेले दोन खिळे काचकागदाने घासून एकेका बरणीत सोडा आणि झाकणं लावा. माझ्या खिडकीत अशा दोन बरण्या आहेत. साध्या पाण्यातल्या खिळ्याभोवती दुसऱ्याच दिवशी तांबूस गाळ दिसायला लागला. निवळीतला खिळा तीन आठवडे झाले तरी टाकला तसाच चकाकतोय.

साध्या पाण्यात लोखंडाचे कण पृष्ठभाग सोडून पाण्यात उतरतात, ऑक्सिजनला भेटतात आणि भुसभुशीत गंज होऊन कुठेही बसतात. त्या गंजाला भोकंच भोकं, म्हणून खालचं लोखंड झिजतच राहतं. निवळी मात्र अल्कधर्मी असते. शुद्ध पाण्याचा सामू (pH) 7, निवळीचा साडेबाराच्या आसपास. अशा पाण्यात लोखंडाचं ऑक्साइड विरघळत नाही. ते जागच्या जागी, लोखंडाला घट्ट चिकटून तयार होतं आणि त्याचा सलग पापुद्रा बनतो. आता आतलं लोखंड बाहेर येणार कुठून? पापुद्र्याची वाढही तिथेच थांबते. गंमत म्हणजे गंजही लोखंड आणि ऑक्सिजनचाच आणि त्याला अडवणारा हा पापुद्राही त्यांचाच!

जाडी किती? जेमतेम काही नॅनोमीटर. असे वीसेक हजार पापुद्रे एकावर एक रचले, तर कुठे तुमच्या एका केसाएवढी जाडी होईल. म्हणून तर खिळा चकचकीतच दिसतो, अंगरखा दिसत नाही. आणि त्यावर ओरखडा गेला तर? मला सगळ्यात आवडतं ते हेच: भोवती अल्क आणि थोडा ऑक्सिजन असेल, तर तो आपला आपण सांधला जातो.

सिमेंटमध्ये पाणी घातलं की त्यातूनही चुना तयार होतो, म्हणून काँक्रीटचा सामू साडेबारा ते तेरा असतो. म्हणजे सळई जणू निवळीतच झोपलेली असते.

पण या अंगरख्याला दोन शत्रू आहेत. पहिला मीठ. निवळीच्या बरणीत चमचाभर मीठ टाकून पुढचे काही दिवस खिळ्याकडे नीट बघा, एखाद-दुसऱ्या जागी तांबडा ठिपका उमटेल. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं. कोकणात, मुंबईत समुद्राचा खारा वारा हेच करतो. दुसरा शत्रू हवेतला कार्बन डायऑक्साइड. निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते ना? काँक्रीटमध्येही हा वायू वर्षानुवर्षं मुरत जातो, चुन्याचा खडू होतो, सामू नऊच्याही खाली येतो आणि अंगरखा विरतो. मग गंज चढतो. त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून रेटतो. छताचे पोपडे पडतात ते यामुळे.

हे आधी ओळखण्यासाठी इंजिनिअर काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. जिथे अल्क शाबूत आहे, तिथे करडं काँक्रीट बघता बघता गडद गुलाबी होतं. बाहेरची कड मात्र करडीच राहते. ती कड किती आत सरकली आणि सळई तिथून अजून किती लांब आहे, हे मग ते पट्टी लावून मोजतात.