नळी तशी गोळी

नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये जपलेल्या शस्त्रांत तलवारी, धनुष्ये, बाण आणि ढाल यांच्याबरोबर एक तोड्याची बंदूकही आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो याच गावी. त्या काळची तलवार शिकलगाराकडून धार लावून घेतली की कोणाच्याही हाती देता येई. बंदुकीचे तसे नव्हते. तिच्या नळीत नेमकी कोणती गोळी बसेल, हे तिच्या सोबतचा साचाच सांगू शके.

नळ्या लोहार हाताने घडवत. तापलेली लोखंडी पट्टी गजाभोवती वळायची, ठोकायची, सांधायची आणि मग आतून कोरायची. एकाच भट्टीतून निघालेल्या दोन नळ्यांचा व्यास सारखा येईलच असे नसे. त्यामुळे एका बंदुकीची गोळी दुसरीत कधी अडके, तर कधी खुळखुळे. शिशाच्या लगडी आणून घरी, छावणीत किंवा गडावर आपल्या मापाच्या गोळ्या ओतून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग होता.

नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडच्या एका अंगाला कंधारचा किल्ला, दुसऱ्या अंगाला उदगीरचा. या पट्ट्यातून किती फौजा आल्या-गेल्या! १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरच्या मोहिमेत नमवले, तेव्हा तोफा-बंदुकांच्या पलटणींचा सरदार इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने होता. पुढे मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांसमोर निजामाच्या ज्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या, त्या फ्रेंच सरदार रेमाँने तयार केलेल्या. हैदराबादेतला त्याचा तोफा ओतण्याचा कारखाना ‘तोप का सांचा’ म्हणून ओळखला जातो आणि तो भाग आजही गनफाउंड्रीच म्हणवतो. तोफेला असा कारखाना लागे. बंदुकीच्या गोळीला मात्र चूल, पळी आणि साचा एवढे पुरत असे.

पण शिसे कुठून येई? मराठवाड्यात त्याची खाण नाही, तरी धातू इथे जुना आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे नोंदले आहे. पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल त्याच बंदरावर जाई, हेही त्यात आहे. सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारी विकत त्या मालातही शिसे होतेच. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखाला बंदुकीसाठी बंदराकडे पाहावे लागे, ही बाब युद्धांच्या वर्णनांत फारशी येत नाही. यायला हवी.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाला लागते तशी धगधगती भट्टी त्याला नको, लाकडाच्या जाळावर ते पातळ होते. वर राखाडी मळी येते. त्यात थोडे मेण किंवा चरबी टाकून ढवळायचे आणि मळी बाजूला काढायची. जुना हातसाचा दिसतो अडकित्त्यासारखा: दोन दांड्या, आणि तोंडाशी दोन पाळी, प्रत्येकीत अर्धा गोल कोरलेला. पाळी मिटल्या की वरच्या भोकातून शिसे सोडतात. साचा गार असेल तर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा भांड्यात जातात. साचा पुरेसा तापला की गोळ्या गुळगुळीत पडू लागतात. भोकाशी राहिलेले शेपूट छाटायचे, दोन पाळींच्या सांध्याची रेघ घासायची, की गोळी तयार. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते.

साचा निवडताना पहिला प्रश्न मापाचा. १५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारे २० ग्रॅम भरते, १६ मिलिमीटरची २४ ग्रॅमच्या पुढे जाते. एका मिलिमीटरने वजन पाचव्या हिश्शाने वाढते, धक्का वाढतो, दारूचे प्रमाण बदलते. आजही सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘बारा बोअर’ याच हिशेबातून आली: एका पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. अशी गोळी जेमतेम सव्वातीन तोळ्यांची होते.

दुसरा प्रश्न कामाचा. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटरची, गोळी साडेसतराच्या आसपास. मुद्दाम सैल, कारण दारूच्या काजळीने नळी भरत जाई आणि रणात नेमापेक्षा भराभर ठासण्याला किंमत होती. शिकाऱ्याला घट्ट गोळी हवी असे. तो ती तेलकट चिंधीत गुंडाळून गजाने खाली दाबी. साचा कशाचा, हा प्रश्न त्यानंतरचा. मऊ दगड कोरायला सोपा पण तडकणारा, पितळ कोरीव कामाला चांगले, लोखंड सर्वांत टिकाऊ.

घरात गोळ्या ओतण्याचा एक नीट नोंदलेला प्रसंग अमेरिकेतला. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्डला स्वातंत्र्यलढ्यातले नेते ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी नेले. तिथल्या बायका-मुलांनी त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या आणि कोणी किती ओतल्या याचा हिशेबही ठेवला.

त्या मुलांच्या अंगात किती शिसे गेले असेल, याचा तेव्हा कोणाला विचार नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वाधिक घातक. मळीची धूळ हातांवरून, कपड्यांवरून घरभर आणि ताटापर्यंत पोचते. गोळ्या ओतणे मागे पडले, पण जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणे थांबलेले नाही. धोका तोच आहे.

कायदाही बदलला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद आहे. रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला ती ठाऊक असते. मात्र याच कायद्यात ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. चुलीवर गोळ्या ओतण्याचे दिवस आता परत येणार नाहीत, आणि येऊही नयेत.

जुने साचे मात्र जपायला हवेत. जुन्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेला चिमटा सापडला आणि त्याच्या तोंडाशी समोरासमोर दोन अर्धगोल दिसले, तर तो मोडीत घालू नये. त्या पोकळीचा व्यास मोजला की हरवलेल्या बंदुकीची नळी किती रुंद होती याचा अंदाज बांधता येतो. पुरातन आणि दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. वस्तू त्यात बसते का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे आणि साचा कुठे सापडला याच्या टिपणासह तो संग्रहालयाकडे द्यावा.